हाताला कळते ते

कारखान्यांचा इतिहास लिहिताना भांडवल व यंत्रे ह्यांची मोजदाद होते. कारागिराच्या हातांत मुरलेल्या ज्ञानाची नोंद क्वचितच आढळते. कारागीर हार-श्रीफळ घेऊन निवृत्त होतो, आणि ते ज्ञानही त्याच्याबरोबर घरी जाते! म्हणून जपानमधील ओसाकाच्या मात्सुशिता कंपनीची हकीकत आम्हांला मोलाची वाटते.

१९८५ साली ही कंपनी पाव करण्याचे घरगुती यंत्र घडवीत होती. पण पाव वरून करपे, आंत कच्चा राही. यंत्राने मळलेल्या आणि कसबी कारागिराने मळलेल्या पिठाची क्ष-किरण छायाचित्रे ताडून पाहिली, तरी उलगडा होईना. तेव्हा यंत्राची आज्ञावली रचणाऱ्या इकुको तानाका ह्यांनी ओसाका इंटरनॅशनल हॉटेलच्या मुख्य पाव-कारागिराकडे उमेदवारी केली. पीठ ताणण्याची त्याची तऱ्हाच निराळी, हे तेथे त्यांच्या ध्यानांत आले. (कणीक किती मळावी, हे आपल्या घरी विचारून पाहा, ‘हाताला कळते’ एवढेच उत्तर मिळेल.) ते यंत्राला कळावे म्हणून अभियंत्यांसह वर्षभर खटपट झाली, भांड्याच्या आंत खास कंगोरे बसविले, तेव्हा पाव साधला.

इकुजिरो नोनाका ह्यांनी १९९१ च्या आपल्या लेखांत ही हकीकत मांडली आणि ती जगभर गेली. परंतु पगारी माणूस असा भटारखान्यांत शिकावयास पाठविण्याची व्यवस्थापकांची तयारी आम्हांला अजूनही फार थोड्या ठिकाणी दिसते.