इसबगोल : एका भुशाचा इतिहास

इतिहास म्हटला म्हणजे राजे, लढाया आणि तहनामे डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु घराच्या फडताळात वर्षानुवर्षे पडून असलेल्या वस्तूंनाही इतिहास असतो, आणि तो पुष्कळदा राजघराण्यांच्या इतिहासापेक्षा लांब पल्ल्याचा असतो. इसबगोल ही अशीच एक वस्तू आहे. रात्री निजताना कोमट पाण्यातून किंवा दुधातून चमचाभर इसबगोल घेणारे वडीलधारे आपल्यापैकी अनेकांच्या घरी आहेत. तेवढ्यावरून ते म्हातारपणचे औषध, असे आपण ठरवून टाकले. तोच भुसा पुढे परदेशी डब्यांतून, हृदयाच्या रक्षणाचे आश्वासन घेऊन आपल्यापुढे आला. त्या आश्वासनात खरे किती आणि वाढवलेले किती, हे पारखायचे असेल तर त्याचा प्रवास मुळापासून पाहिला पाहिजे असे आम्हांला वाटते.

प्रथम नावाचा विचार करू. 'अस्प' म्हणजे फारशीत घोडा. आपल्या 'अश्व' शब्दाचा तो सख्खा भाऊ. 'गोल' हे 'घोल' म्हणजे कान ह्या शब्दाचे रूप. बी होडीसारखे, किंचित वळलेले असते, त्यावरून इराणी लोकांना घोड्याचा कान आठवला. ह्याच कुळातील दुसऱ्या जातीचे काळसर बी ग्रीकांनी पाहिले, तेव्हा त्यांना पिसू आठवली. ग्रीक भाषेतील पिसूवाचक शब्दावरूनच 'सायलियम' हे नाव निघाले. इब्न सीना (९८०–१०३७) ह्या थोर हकीमाच्या वैद्यकग्रंथात ह्या बियांना स्थान आहे. आपल्याकडे रूढ झालेले नाव संस्कृत नसून फारशी आहे. त्यावरून हे औषध मुख्यत्वे हकीमांच्या हातून आपल्या घरांत आले, असे मानावयास हरकत नाही.

इंग्रज वैद्यांचे लक्ष ह्या बियांकडे गेले ते येथील आमांश आणि जुनाट अतिसार ह्यांमुळे. जॉन फ्लेमिंग ह्यांनी १८१० साली भारतीय औषधी वनस्पतींची यादी प्रसिद्ध केली, तीत इसबगोल आहे. १८६८ साली एडवर्ड वेअरिंग ह्यांच्या संपादनाखाली निघालेल्या भारताच्या औषधसंहितेत त्यास अधिकृत मान्यता मिळाली.

येथे श्रोत्यांच्या मनात शंका उभी राहील. जे औषध मलावरोधावर देतात, तेच अतिसारावर कसे चालेल? शंका रास्त आहे, आणि तिच्या उत्तरातच ह्या पदार्थाचे सारे मर्म आहे. बियाच्या वरच्या पातळ सालीत एक बुळबुळीत द्रव्य असते. पाण्यात पडताच ते आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी शोषून फुगते. फालुद्यातला सब्जा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे निराळे सांगावयास नको. हे द्रव्य आपल्या जठरात पचत नाही, आणि मोठ्या आतड्यातील जंतूंनाही ते फारसे फोडता येत नाही. त्यामुळे धरलेले पाणी ते शेवटपर्यंत सोडत नाही. मळ कठीण असेल तर त्या पाण्याने तो मऊ होतो. मळ पातळ असेल तर जादा पाणी त्यात अडकून तो बांधला जातो. हकीम व वैद्य ह्यांनी अनुभवाने जाणलेल्या गोष्टीचे हे कारण होय.

ह्या पिकाचे घर म्हणजे उत्तर गुजरातचा मेहसाणा-बनासकांठा हा मुलूख आणि त्याला लागलेला राजस्थानचा कोरडा पट्टा. रब्बीत पेरतात, उन्हाळ्याच्या तोंडाशी काढतात. पाण्याला इतके आसुसलेले हे बी, पण पिकताना त्यावर एक अवकाळी सर आली तरी दाणे झडून शेतकऱ्याचे वर्ष वाया जाते. माल उंझ्याच्या बाजारात येतो. सिद्धपूर आणि आसपासच्या गिरण्यांत साल वेगळी काढतात. ती बियाच्या वजनाच्या सुमारे चौथा हिस्सा भरते. बाजारात 'सत इसबगोल' म्हणतात ते हेच. उरलेला दाणा गुरांच्या खाद्यात जातो. अमेरिकेत सर्ल कंपनीने १९३४ साली 'मेटाम्युसिल' ह्या नावाने सायलियमची पूड विकावयास काढली, आणि पुढे अमेरिका आपल्या भुशाची मोठी गिऱ्हाईक झाली.

तथापि तोवर ही सारी कथा पोटाचीच होती. ती हृदयापर्यंत कशी पोहोचली, हा इतिहासाचा पुढचा भाग आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आरमाराचे एक वैद्य, क्लीव्ह, ह्यांनी आपल्या युद्धनौकेवरील खलाशांच्या मलावरोधावर गव्हाच्या कोंड्याचा उपाय केला. त्यांच्या विचारांतून स्फूर्ती घेऊन डेनिस बर्किट हे शल्यवैद्य पुढे आले. युगांडात अनेक वर्षे काम केल्यावर त्यांच्या ध्यानात आले की, तेथील खेड्यांतील लोकांना पाश्चात्त्यांचे कित्येक विकार क्वचितच होतात. १९७० नंतरच्या दशकात त्यांनी व ह्यू ट्रॉवेल ह्यांनी असे मांडले की, धान्याचा चोथा आपण गिरणीत टाकून देतो, तेथेच रोगाचे बीज आहे. विधान सरसकट होते. कोंड्याने मळ वाढला, पण रक्तातील कोलेस्टेरॉल काही हलेना. म्हणजे चोथा आणि चोथा ह्यांत भेद आहे.

तो भेद डेव्हिड जेन्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली दाखवला. साखरेच्या पाण्याबरोबर निरनिराळे तंतू देऊन त्यांनी रक्तातील साखर मोजली. सर्वांत प्रभावी ठरला तो गवारीच्या बियांचा डिंक. पण त्याच डिंकाचे विघटन करून त्याचा चिकटपणा घालवला, तेव्हा गुणही गेला! तात्पर्य, गुण होता तो पाण्यात विरघळून दाट होण्यात. इसबगोलाचे तेच. आतड्यात तयार झालेल्या दाट लगद्यात पित्तरस अडकून बाहेर पडतो. नवा पित्तरस करण्यासाठी यकृत रक्तातील कोलेस्टेरॉल ओढून घेते. १९९८ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मान्य केले की, स्निग्धांश बेताचा असलेल्या आहारासह इसबगोलाच्या भुशातून रोज ७ ग्रॅम विद्राव्य तंतू मिळाल्यास हृदयविकाराचा धोका कमी होऊ शकतो. त्यासाठी सुमारे १० ग्रॅम भुसा लागतो. अपायकारक कोलेस्टेरॉल त्याने साधारणतः शेकडा ५ ते १० उतरते. हा लाभ खरा आहे, पण माफक आहे. वैद्याने दिलेली गोळी सोडून केवळ भुशावर विसंबावे, एवढा तो नाही.

आता सावधगिरीचे दोन शब्द. पाणी धरणे हाच ज्याचा गुण, तो पाणी न मिळाल्यास अपाय करतो. कोरडा भुसा घशात किंवा अन्ननलिकेत फुगून अडकतो. अशा घटनांमुळेच त्याच प्रशासनाने २००७ साली सायलियमची दाणेदार रेचके बंद केली. म्हणून भुसा पेलाभर पाण्यातच घ्यावा, वर आणखी पाणी प्यावे. ज्यांना गिळताना त्रास होतो किंवा आतड्यात अडथळा आहे, त्यांनी तो घेऊच नये. इतर औषधे व भुसा ह्यांत दोन तासांचे अंतर असावे, कारण त्या लगद्यात औषधही अडकते. आणि सर्वांत महत्त्वाचे : शौचाची सवय एकाएकी बदलली, रक्त दिसले, वजन उतरू लागले, तर 'इसबगोल चालू आहे' एवढ्यावर समाधान मानू नये. भुशाने तक्रार झाकली जाते, रोग मात्र आत वाढत राहतो. अशा वेळी घालवलेले महिने परत येत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली प्रौढांसाठी रोज किमान २५ ग्रॅम तंतू सांगितले. तेही अन्नातच निसर्गतः असलेले. ते डब्यातल्या चमच्याने भरून निघावयाचे नाहीत. ज्वारी-बाजरीची भाकरी, सालासकट डाळी, उसळी, मेथी, गवार, पेरू हीच त्यांची खरी पेठ. इसबगोलाचा अनादर करावा असे आम्ही म्हणत नाही. हजार वर्षे टिकलेले औषध उगाच टिकत नाही. पण औषधाची जागा ताटाच्या बाजूला आहे, ताटात नव्हे. पांढरा पाव खाऊन वर भुशाचा पेला पिणे म्हणजे गिरणीत जे फेकले, तेच दुकानातून विकत आणणे होय. हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे, हे आपल्या वाडवडिलांनी चटकन ओळखले असते. आपणही ते ओळखावे, एवढीच विनंती.