जर्मन कॅमेरा आणि आमची दंडार

दिवाळी झाली की भंडारा जिल्ह्यात गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार आणि पाहुणे, रात्री दंडार नाहीतर खडी गंमत. वीसेक वर्षांपूर्वी लाखांदूरकडच्या अशाच एका मंडईत शहरातून काही माणसे कॅमेरा घेऊन आली. आमच्या गावच्या गंमतीचे त्यांनी दोन रात्री चित्रण केले. साडी नेसून नाच्याचे काम करणारे एक काका त्यांना फार आवडले होते. मंडळी गेली ती गेलीच. पुढे काका वारले. घरात त्यांचा नाच्याच्या वेशातला एकही फोटो नाही. काकू मला अजून विचारतात, "त्या फिल्ममंदी थे दिसत असतीन का रे?"

लोककलेचे चित्रण झाले, तर ते नेमके कोणासाठी झाले आणि कोणाजवळ राहिले, हा प्रश्न मला काकूंनी दिला. त्याचे उत्तर शोधताना मी महाराष्ट्रात काम केलेल्या काही जर्मन माणसांपर्यंत पोहोचलो.

त्यांतले पहिले पॉल झिल्स. दुसऱ्या महायुद्धात शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून ते पकडले गेले आणि भारतात नजरकैदेत आले. युद्ध संपल्यावर मायदेशी न जाता ते मुंबईत राहिले. त्यांनी 'डॉक्युमेंटरी युनिट इंडिया' ही संस्था उभारली आणि 'इंडियन डॉक्युमेंटरी' नावाचे नियतकालिक चालवले. फली बिलिमोरिया हे त्यांचे महत्त्वाचे सहकारी. सरकारी फिल्म्स डिव्हिजनच्या बाहेर माहितीपट करता येतात, हे या मंडळींनी दाखवले. पण त्यासाठी पैसा लागे, आणि तो बर्मा-शेलसारख्या कंपन्यांकडून येई. निलगिरीच्या तोडा लोकांवरचा झिल्स यांचा माहितीपट १९५९चा. त्याच सुमारास ते जर्मनीला परतले. चित्रपट देखणे होते. पण एक विषय संपला की पुढचा, अशी त्या व्यवसायाची रीतच होती.

दुसरे नाव गुंथर सोन्थायमर यांचे (१९३४–१९९२). ते चित्रपटवाले नव्हते. हिंदू कायद्याचे अभ्यासक, हायडेलबर्ग विद्यापीठाच्या दक्षिण आशिया संस्थेतले प्राध्यापक. हिंदू एकत्र कुटुंबाच्या कायद्यापासून निघालेला हा माणूस मराठी शिकला आणि धनगरांच्या वाड्यांवर जाऊन बसू लागला. बिरोबा, म्हसकोबा आणि खंडोबा यांच्यावरचा त्यांचा ग्रंथ १९७६मध्ये जर्मनमध्ये आला. १९८९मध्ये अ‍ॅन फेल्डहाउस यांनी केलेला इंग्रजी अनुवाद निघाला. सोन्थायमर यांचे म्हणणे असे, की धनगराचा देव कळायचा तर त्याचे कुरण, पाऊस आणि वाटा कळल्या पाहिजेत.

कॅमेरा त्यांच्या हाती आला तो या पायपिटीनंतर. खंडोबाच्या शिकारीवर त्यांनी माहितीपट केला. पंढरीच्या वारीवरच्या माहितीपटात हेनिंग स्टेगम्युलर हे जर्मन छायाचित्रकार त्यांचे सहकारी होते. स्टेगम्युलर यांनी पुढे मुंबईची आणि नामदेव ढसाळांची छायाचित्रे काढली. दिलीप चित्रे यांनी इंग्रजीत आणलेल्या ढसाळांच्या कवितांच्या २००७च्या पुस्तकात ती आहेत. एका माहितीपटाच्या निमित्ताने आलेला माणूस एका कवीजवळ इतकी वर्षे रेंगाळला.

पण मला सर्वांत मोलाची वाटते ती सोन्थायमर यांची ध्वनिमुद्रणे. धनगरी ओव्या त्यांनी टेपवर घेतल्या होत्या. ते गेले, टेप राहिल्या. त्यांतल्या बिरोबा आणि धुळोबा यांच्या कथा अ‍ॅन फेल्डहाउस यांनी रामदास अटकर आणि राजाराम झगडे यांच्या साहाय्याने इंग्रजीत आणल्या. पुस्तक निघाले २०१४ साली, सोन्थायमर यांच्या मृत्यूनंतर बावीस वर्षांनी. टेप जपून ठेवलेली होती आणि तिच्यातली बोली समजणारी माणसे सोबत होती, म्हणून हे घडले. नुसत्या चित्रणाने एवढे होत नाही.

आता आमच्याकडे पाहतो. झाडीपट्टीच्या वाट्याला सोन्थायमर आला नाही. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी मात्र झाडीबोली आणि दंडार यांचा अभ्यास इथेच राहून केला. तो शब्दांत आहे, आणि म्हणूनच टिकला आहे. पण नाच्याची गिरकी, ढोलकीवरची थाप, शाहिराने ऐन वेळी घातलेली कोपरखळी कागदावर किती उतरणार? आज मंडईत शंभर मोबाइल वर धरलेले असतात. चित्रण भरपूर होते. त्यात नाचणारा कोण, गाव कोणते, गाणे कोणाकडून आले, हे मात्र कुठेच नसते. पुढच्या मंडईपर्यंत फोन बदलतो आणि तेही जाते.

त्या शहरी मंडळींवर माझा राग होता. आता तो अर्धाच उरला आहे. त्या दोन्ही रात्री मीही मांडवात बसलो होतो. काकांना त्यांचे गाणे कोणी शिकवले, हे मीही कधी विचारले नाही.

गेल्या मंडईपासून एक वही सोबत ठेवतो. चित्रण केले की कलावंताचे नाव, वय, गाव, तारीख आणि त्याचा गुरू लिहून घेतो. प्रत त्याच्या घरी देऊन येतो. आतापर्यंत वहीची अकरा पाने भरली आहेत. काकांचे पान कोरे आहे. त्यावर काय लिहायचे, ते काकूंना विचारायला बसणार आहे.