सिकलसेल व्याधी आणि प्रौढत्व : एका वैद्यकीय प्रश्नाचा इतिहास

सिकलसेल व्याधीच्या लिखित इतिहासातील पहिला रुग्ण प्रौढ होता. ग्रेनाडा बेटातून दंतवैद्यक शिकण्यासाठी शिकागोस आलेल्या विशीतल्या एका तरुणाच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी आढळल्या, आणि जेम्स हेरिक यांनी १९१० साली त्याची हकीकत प्रसिद्ध केली. १९२२ साली मेसन यांनी रोगाला नाव दिले. १९४९ साली पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे मूळ हिमोग्लोबिनच्या रेणूत दाखविले. तथापि या ज्ञानाने रोग्याचे आयुष्य लगेच वाढले नाही. डिग्ज यांनी १९७३ साली केलेल्या गणनेनुसार अशा रुग्णांच्या आयुर्मानाचा मध्यक अवघा १४.३ वर्षे होता. परिणामी हा बालवयाचा रोग समजला गेला, आणि त्याचे वैद्यकही बालरोगतज्ज्ञांच्याच हाती वाढले.

पुढील स्थित्यंतर एका साध्या औषधाने घडविले. या व्याधीत प्लीहा लहानपणीच निकामी होते व न्यूमोकॉकस जंतूंचा संसर्ग जिवावर बेततो. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २१५ बालकांपैकी काहींना दिवसातून दोनदा पेनिसिलीन देण्यात आले. त्या गटात हा संसर्ग ८४ टक्क्यांनी घटला आणि चाचणी मुदतीपूर्वीच थांबविण्यात आली. १९८७ साली अमेरिकेत सर्व नवजात बालकांच्या तपासणीची शिफारस झाली. २००६ पर्यंत ती सर्व राज्यांत लागू झाली.

या यशातूनच नवा प्रश्न उभा राहिला. डॅलस येथील नवजात-समूहाच्या २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, व्याधीचे तीव्र स्वरूप असलेल्यांपैकी ९३.९ टक्के मुले अठरा वर्षांपर्यंत जगल्याचे आढळले. मात्र त्या समूहातील अलीकडचे सर्व मृत्यू अठरा वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या रुग्णांचे होते, आणि त्यांपैकी बहुतेक प्रौढ-उपचारांकडे गेल्यानंतर थोड्याच काळात घडले होते. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका पाहणीत, तातडीच्या उपचारांसाठी रुग्णालयात येण्याचे वार्षिक प्रमाण एकंदर रुग्णांत दरडोई २.५९, तर १८ ते ३० वयोगटात ३.६१ होते.

याची कारणे अनेक आहेत. बालविभागात वैद्य, परिचारिका व समाजसेवक एकत्र काम करतात. प्रौढ-विभागात या रोगाचे जाणकार विरळ असतात. अमेरिकेत याच वयात विम्याची व्यवस्थाही बदलते. मेंदूतील निःशब्द आघातांमुळे काही रुग्णांची स्मृती व नियोजनशक्ती दुर्बल झालेली असते. शिवाय वेदनाशामक अफूजन्य औषधे मागणाऱ्या तरुणाकडे अनोळखी वैद्य संशयाने पाहतो.

येथे भाषेचा भागही थोडा नाही. बालविभागात रोगाचे निवेदन आई करते. मूल त्यात तृतीय पुरुषी असते. ‘काल रात्रीपासून याचे पाय दुखताहेत’ हे वाक्य तिचे असते. अठराव्या वर्षानंतर तेच निवेदन रुग्णाला प्रथम पुरुषात, तेही वेदना चालू असताना, अपरिचितापुढे करावे लागते. दुखणे किती, कोणते औषध किती मात्रेत लागू पडते, हे सांगण्याचा सराव त्याला क्वचितच मिळालेला असतो. म्हणूनच या विषयाच्या चर्चेत ‘स्थानांतर’ आणि ‘संक्रमण’ यांत भेद करतात. कागदपत्रे एका विभागातून दुसऱ्यात पाठविणे हे स्थानांतर होय. संक्रमण ही किशोरवयाच्या प्रारंभापासून चालणारी तयारी होय. २००२ साली अमेरिकेतील बालरोग, कुटुंबवैद्यक व अंतर्वैद्यक या शाखांच्या संघटनांनी संयुक्त निवेदनाद्वारे या तयारीस मान्यता दिली.

भारतात निलगिरीच्या आदिवासींमध्ये या व्याधीची नोंद १९५२ साली झाली. विदर्भ व नंदुरबार येथेही ती मोठ्या प्रमाणात आढळते. २०२३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी व्यक्तींच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले. तपासणीने बालके वाचतील तसतसा प्रौढ रुग्णांचा वर्गही वाढेल. डॅलसचा अनुभव पाहता, त्यांच्यासाठी प्रौढ-विभागाची सिद्धता बालविभागाच्या यशाबरोबरच व्हावयास हवी, हा या इतिहासाचा निष्कर्ष होय.