मुंबईचा प्लेग : इल्म आणि हुकूमत

प्लेगचा विषय निघाला की शाळेच्या पुस्तकात दोन गोष्टी हमखास येतात : पुण्यातली रँडची जुलूमशाही आणि २२ जून १८९७ रोजी चाफेकर बंधूंनी त्याच्यावर झाडलेली गोळी. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवतो. आम्हीही एवढेच सांगून पुढच्या धड्याकडे वळत होतो. पण २०२० साली करोनाच्या दिवसांत आम्हा शिक्षकांना थर्मामीटर आणि वही देऊन घरोघर पाठवण्यात आले. आमच्याच मोहल्ल्यातल्या एका खालांनी दार अर्धेच उघडले आणि विचारले, "बेटा, ताप बघायला आलास की माणूस न्यायला?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. घरी येऊन प्लेगचा इतिहास पुन्हा उघडला, तेव्हा कळले की हा सवाल सव्वाशे वर्षांचा जुना आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी रोग ओळखला. ते महापालिकेचे सभासदही होते, म्हणून त्यांनी ही गोष्ट पालिकेच्या स्थायी समितीपुढे मांडली. अधिकारी प्लेगचे नाव घ्यायला राजी नव्हते. एक प्रकारचा ताप आहे, असे म्हणत राहिले. नाव घेतले तर बंदराचा व्यापार बसेल, ही धास्ती होती. जाणकाराने खबर दिली आणि हुकूमतीने कान झाकले, ही पहिली चूक.

दुसरी चूक नेमकी उलट. ऑक्टोबरच्या पहिल्याच आठवड्यात पालिका आयुक्त स्नो यांनी फर्मान काढले : रोगी सापडला की इस्पितळात हलवायचा, गरज पडल्यास जबरदस्तीने. इस्पितळात गेलेला माणूस परत येत नाही, ही अफवा शहरभर पसरली. २९ ऑक्टोबरला गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. सफाई कामगारही शहर सोडून गेले तर मुंबईत राहणे अशक्य होईल, या भीतीने आयुक्तांना हात आखडता घ्यावा लागला. तरी ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झालाच. चार कलमांचा हा छोटासा कायदा. पण घरझडती, विलगीकरण, प्रवाशांची तपासणी, सारे त्यात बसले. नेकनियतीने केलेल्या कृत्याबद्दल अधिकाऱ्यावर दावाही लावता येईना. युरोपातील सरकारांच्या दबावाखाली त्याच वर्षी मुंबईहून हजला जाणेही बंद झाले.

आता विचार करा, या हुकमांच्या मागे इल्म किती होते? प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला यर्सिन आणि कितासातो यांनी शोधला होता. पण तो माणसापर्यंत पोहोचतो कसा, हे ठाऊक नव्हते. सरकारचा सारा रोख घाणीवर आणि माणसांवर. गटारे धुतली, भिंतींना चुना लावला, छपरे उघडली, कपडेलत्ते जाळले. १८९८ मध्ये पॉल लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत प्रयोग करून दाखवले की रोग उंदरावरच्या पिसवेमुळे पसरतो. त्याचे कुणी ऐकले नाही. ही गोष्ट पक्की मान्य व्हायला १९०५ नंतरचे परळचे संशोधन यावे लागले. घरात उंदीर मरून पडले की बाहेर पडावे, हे मात्र खेड्यातल्या अडाणी माणसालाही अनुभवाने कळले होते. त्याला विचारायला कुणी गेले नाही.

याच मुंबईत दुसराही रस्ता निघाला. ओडेसात जन्मलेले यहुदी शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिली सुई स्वतःला टोचून घेतली. सक्ती न करता राजीखुशीने लस द्यावी, हे त्यांचे मत. तिसरे आगाखान तेव्हा विशीही न ओलांडलेले तरुण. त्यांनी आपल्या माणसांसमोर लस टोचून घेतली, तेव्हा हजारो खोजा पुढे आले. प्रयोगशाळेसाठी त्यांनी आपली खुशरू लॉज ही इमारतही दिली. तिथे शिपाई पाठवावा लागला नाही.

आणि ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यात काय झाले? मोमीन विणकरांच्या वस्तीत तपासणी पथक एका आजारी मुलीला न्यायला आले. वस्तीने अडवले, दगड उडाले, गोळीबार झाला, माणसे मेली. हे लोक इलाजाचे दुश्मन होते काय? परक्या पुरुषाने घरात शिरून मुलीला उचलून नेणे त्यांना मान्य नव्हते, एवढेच. दंग्यानंतर सक्ती सैल करण्याची अक्कल सरकारला सुचली. तीच आधी का सुचू नये?

हुकूमतीने जाणकाराचाही घात केला. १९०२ मध्ये पंजाबातील मलकोवाल गावी एकाच बाटलीतील लस घेतलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. हाफकिन यांना कामावरून दूर केले. गावातच बाटली उघडताना जमिनीवर पडलेला चिमटा नीट निर्जंतुक केला नव्हता, हे पुढे आले. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्यांनी आवाज उठवल्यावर १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. पण मुंबईची प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही. तिला त्यांचे नाव मिळाले ते १९२५ मध्ये.

हजरत उमर रजि. शामच्या वाटेवर होते, तेव्हा पुढे ताऊन असल्याची खबर आली. त्यांनी मुहाजिरांना विचारले, अन्सारांना विचारले, कुरैशच्या बुजुर्गांना विचारले, आणि मग मागे फिरण्याचा निर्णय घेतला. खलिफा असूनही विचारले, हे आमच्या मुलांना आम्ही सांगतो. मुंबई सरकारपाशी डॉक्टर होते, कायदा होता, फौज होती. मशवरा तेवढा नव्हता.

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात १८९७ चाच कायदा पुन्हा लागू झाला. म्हणून हा धडा जुना म्हणून सोडता येत नाही. इल्मावाचून हुकूम आंधळा, आणि भरवशावाचून इल्म दारातच अडकते. त्या खालांकडे आम्ही दुसऱ्या दिवशी वही न घेता गेलो आणि आधी त्यांचे ऐकून घेतले. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच दार उघडले आणि कपाळ पुढे केले.