फणसाचा भाव

मंडळी, गेल्या महिन्यात नातीच्या अभ्यासाच्या टेबलासाठी लाकूड घ्यायला सुताराबरोबर वखारीत गेलो होतो. वखारवाल्याच्या मते प्रत्येक फळी ‘एक नंबर सागवान’! सुताराने एक फळी उचलून वजन पाहिलं, एक डोळा मिटून ती वाकलीय का ते पाहिलं आणि कडेवर बोट ठेवलं. "गुरुजी, हा पांढरट पट्टा सालीलगतचा. कीड इथेच आधी लागते. आपण घ्यायचा तो तपकिरी गाभा."

इतकी वर्षं इतिहास शिकवला. १७३६ साली लवजी वाडिया सुरतेहून मुंबईच्या गोदीत आले, हे दरवर्षी सांगितलं. पण तिथली जहाजं का टिकली, याचं उत्तर या गाभ्यात आहे हे कधी सांगितलं नाही. ओकमधल्या आम्लाने लोखंडी खिळे गंजतात. सागाच्या गाभ्यात तेल असतं, त्यात ते टिकतात. इंग्लंडात ओकची टंचाई पडली तेव्हा आरमाराची जहाजं मुंबईत सागवानात बांधली गेली. १८१७ साली इथे पाण्यात उतरलेलं ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाहायला मिळतं.

हे लाकूड बरंचसं मलबारचं. ते हाती राहावं म्हणून कंपनीने १८०६ साली कॅप्टन वॉटसन यांना तिथल्या जंगलांवर नेमलं आणि सागावर हक्क सांगितला. झाडांचे मालक आणि व्यापारी इतके चिडले की १८२३ मध्ये ते पदच रद्द करावं लागलं. तोवर चांगला साग दुर्मीळ होत चालला होता. अखेर १८४० च्या दशकात कलेक्टर कॉनोली यांनी निलांबूरला सागाची लागवड सुरू केली.

आरमाराला लाकूड मराठ्यांनाही लागतच होतं. पण रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात (१७१५ च्या सुमाराचं) वेगळीच प्रतवारी आहे. रानातला साग हुजूरची परवानगी घेऊन तोडावा, कमी पडला तर परमुलखातून विकत आणावा. आंबा-फणसाचं लाकूडही कामाचं, पण त्याला हात लावू नये. कारण ती झाडं रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं अगदीच जीर्ण झालं, तर मालकाला राजी करून, पैसे देऊन मगच तोडावं.

इथे मी दर वेळी अडखळतो. १९८८ साली वाटणीच्या वेळी आपल्या परसातला फणस विकला, तेव्हा कागदावर सही करणाऱ्यांत मीही होतो. व्यापाऱ्याने बुंध्याला टेप लावली, घनफूट काढले, लाकूड उत्तम आहे म्हणाला. भाव चांगला आला. सगळे मालक राजी होते, आज्ञापत्राप्रमाणेही बहुधा चूक निघाली नसती. पण त्या झाडाला उन्हाळ्यात कळशीने पाणी घातलं होतं काकूने, आणि तिचं नाव कागदावर नव्हतं. तिला कोणी विचारलंच नाही. करवत चालू होती तेव्हा ती माजघरात तांदूळ निवडत बसली होती. नंतरही त्याबद्दल ती कधी बोलली नाही.

असो. टेबल छान झालंय. सुताराने सगळा गाभाच वापरलाय. पुतण्यांनो, भाच्यांनो, परसात दोन आंबे अजून उभे आहेत. कोणी भाव विचारायला आलं, तर आधी घरात विचारा.