न दिसणाऱ्या माशांचा हिशेब

कोकणच्या बाजारात वाम नावाचा लांबट, सापासारखा मासा येतो. आज सांगावयाची हकीकत त्याच्या लांबच्या नात्यातल्या युरोपी वाम माशाची आहे. हा मासा समुद्रात जन्मतो, नद्या-तळ्यांत वाढतो आणि उतारवयात अंडी घालावयास पुन्हा समुद्राकडे निघतो. नदीत धरलेल्या माशाच्या पोटात पिकलेली अंडी कधी सापडत नाहीत. तेव्हा हा चिखलातून उपजतो, असे ॲरिस्टॉटलसारख्या पंडितानेही लिहून ठेवले! पुढे १८७६ साली तरुण फ्रॉइड (हो, तोच, मनोविश्लेषणवाला) ट्रिएस्टला शेकडो वाम मासे चिरून त्यांच्यातला नर शोधीत बसला होता.

१८९६ मध्ये ग्रासी ह्या इटालियन शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, समुद्रात सापडणारा पानासारखा चपटा, पारदर्शक जीव म्हणजेच वामीचे पिलू. मग डेन्मार्कच्या योहानेस श्मिटने १९०४ पासून अटलांटिक महासागर विंचरून काढला. जिकडे पिले अधिकाधिक लहान मिळत तिकडे तो जहाज नेई. १९२२ च्या सुमारास त्याने निष्कर्ष काढला, की ह्या माशाचे माहेर सारगासो समुद्रात आहे. मात्र तेथे अंडी घालताना हा मासा आजतागायत कोणी पाहिलेला नाही.

आता गणिताची अडचण बघा. कॅनडाच्या रिकरने १९५४ मध्ये आणि इंग्लंडच्या बेव्हर्टन व होल्ट ह्यांनी १९५७ मध्ये माशांच्या संख्येची गणिते मांडली. आईबाप इतके, तर पुढची पिढी किती, असा त्यांचा रोख होता. पण इथे आईबापच दृष्टीआड! शिवाय साऱ्या युरोपचा मासा म्हणजे एकच बिरादरी. पोर्तुगालच्या नदीत येणारे पिलू स्वीडनमधून गेलेल्या मादीचेही असू शकेल. त्यामुळे एका गावाने नदी राखली तरी त्याचे फळ त्याच गावाला मिळेल, असे नाही.

हाती राहिली ती दारातली मोजणी. हॉलंडात डेन ऊव्हर येथे समुद्राच्या बांधाला दरवाजे आहेत. तेथे १९३८ पासून वसंत ऋतूत रात्री जाळे बुडवून काचेसारखी पिले मोजतात. किती कंटाळवाणे काम! पण १९८० नंतर पिले झपाट्याने घटली, हे अशाच वह्यांमुळे समजले. १९६०–७९ ची सरासरी १०० धरली, तर उत्तर समुद्राच्या बाजूस अलीकडे जेमतेम १ च्या आसपास पिले येतात. इतरत्र हा आकडा १० च्या आगेमागे आहे.

२००७ मध्ये युरोपीय संघाने कायदा केला. माणसाचा उपद्रव नसता तर जितक्या वजनाचे प्रौढ मासे समुद्रास परतले असते, त्यांतले निदान ४० टक्के तरी परतले पाहिजेत. शिक्षकांनी हे फळ्यावर करून पाहावे. समजा, तळ्यात १,००० मासे आहेत. नैसर्गिक मरण तूर्त बाजूला ठेवू. दरसाल दहांतला एकच मासा धरला. पहिल्या वर्षी ९०० उरले, दुसऱ्या वर्षी ८१०, तिसऱ्या वर्षी ७२९. हा मासा तळ्यात दहा वर्षे राहिला, तर अखेरीस ३४९ उरतात. म्हणजे दहांत एक इतकी माफक धरणीदेखील ४० टक्क्यांची रेघ ओलांडते! चक्रवाढ व्याजाचेच हे उलटे रूप. वाटेतल्या वीजकेंद्रांच्या चक्रांत कापले जाणारे मासे तर ह्यात धरलेच नाहीत. २०२१ मध्ये समुद्रसंशोधनाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने सल्ला दिला की पुढच्या साली हा मासा कोठेच धरू नये, आणि त्यानंतरही तिने तोच सल्ला दिला.

पण धरणाऱ्यांचे काय? उत्तर आयर्लंडात लॉख नेय नावाचे अफाट सरोवर आहे. तेथील कोळ्यांनी १९६५ मध्ये सहकारी संस्था काढली आणि काही वर्षांत मासेमारीचा सगळा हक्क विकत घेतला. आपल्या सहकारी चळवळीतल्या माणसास हे वाचून बरे वाटेल. पिलांची आवक आटली तेव्हा ह्या संस्थेने १९८० च्या दशकापासून इंग्लंडच्या सेव्हर्न नदीतली पिले पदरचे पैसे घालून आणली आणि सरोवरात सोडली. कोळी म्हणत, आम्ही पेरतो म्हणून कापतो. गणिती विचारतात, सेव्हर्नमधले पिलू सेव्हर्नमध्येच राहते तर समुद्राकडे जास्त मासे परतले असते की कमी? ह्या वादाचा निकाल अजून लागलेला नाही.