हरवलेली हुंडी आणि तिची पेठ

राहुरी तालुक्यातील देवळाली प्रवरा येथे आज एखाद्याच्या आभासी चलनाच्या पाकिटाचे बारा परवलीचे शब्द गहाळ झाले, तर दाद मागावी असा धनी कोठेच नाही. परंतु द्रव्य हुंडीच्या कागदात कोंडून परमुलखी धाडणाऱ्या आपल्या जुन्या सावकारीने हे संकट ओळखून त्यावर मोठा विचारी तोडगा काढला होता. हुंडी वाटेत हरवली, की लिहिणारा तिची 'पेठ' लिहून देई, पेठही गेल्यास 'परपेठ' निघे, आणि प्रत्येकीत आधीच्या पत्राचा हवाला असे, जेणेकरून एकाच रकमेचा भरणा दोनदा होऊ नये. हुंडीत तरी किती सावधगिरी! रुपये हजार असतील, तर 'निमे पाचशे, त्यांचे दुप्पट' असेही लिहीत, म्हणजे आकड्यात फेरफार करणाऱ्याची धडगत नसे.

याच सावकारीच्या कर्जखतांनी रयत गांजली आणि 1875 साली पुणे-नगर जिल्ह्यांत तिने ती खते जाळली, हे मी विसरत नाही. तथापि पेठेची योजना मला मनापासून आदरणीय वाटते. आभासी पाकिटाला मात्र अशी पेठ नाही. त्याचे शब्द 2048 शब्दांच्या ठरीव यादीतले असतात. एखादाच विसरला, तर यंत्र तो पडताळून शोधते, बाराही गेले, तर परपेठ लिहिणारा कोणी नसतो.